बेंटपाथ : आपल्या माल्कम पेठेतल्या माल्कमचं खोरं

रानजाई

स्कॉटलंडवर इथे आजवर जेवढे धागे आले त्यांत एडिंबरा आहे, स्काय आहे, लॉख नेस तर आहेच आहे. इंग्लंडची हद्द ओलांडली की लगेच जो डोंगराळ पट्टा लागतो, त्याबद्दल कुणी लिहिलेलं मला सापडलं नाही. बहुतेक सगळे कार्लाइलवरून मोटरवेने सुसाट ग्लासगो गाठतात. यंदा मे महिन्यात आम्ही मुद्दाम वाट वाकडी करून एस्कडेलमध्ये, म्हणजे एस्क नदीच्या खोऱ्यात, राहून आलो. कारण ऐकून घरचे हसले होते. मला माल्कम पेठेतला माल्कम कुठला ते बघायचं होतं.

माझं आजोळ मेढ्याचं. आजोबा महाबळेश्वरच्या बाजाराला शेवटपर्यंत माल्कम पेठच म्हणायचे. सर जॉन माल्कम, १८२७ ते १८३० मुंबई इलाख्याचा गव्हर्नर, एवढं शाळेत वाचलेलं. हा माणूस मेंढरांच्या खोऱ्यात वाढलेला, सतरा भावंडांतला एक आणि तेराव्या वर्षी कंपनीच्या नोकरीत चिकटलेला, हे कुणी सांगितलं नव्हतं.

एस्क नदीच्या काठी लँगम नावाचं छोटं शहर आहे. एके काळी लोकरीच्या कापडाच्या गिरण्यांसाठी प्रसिद्ध होतं, आता त्या जवळजवळ सगळ्या बंद. तिथून नदीच्या कडेकडेने वर गेलं की साधारण दहा किलोमीटरवर बेंटपाथ. गाव म्हणजे एक दगडी पूल, एक चर्च, एक वाचनालय आणि मोजकी घरं. दुकान दिसलं नाही. चहाची टपरी शोधणाऱ्यांनी थर्मास घेऊन जावं. बाकी डोंगर, मेंढ्या आणि दगड रचून केलेले बांध.

हा सगळा भाग वेस्टरकर्क पॅरिशमध्ये (एका चर्चच्या हद्दीतला परगणा म्हणा) येतो. एवढ्याशा खोऱ्यातून अठराव्या शतकात किती माणसं बाहेर पडली बघा. थॉमस टेलफर्ड, ज्याने मेनाय सामुद्रधुनीवरचा झुलता पूल आणि कॅलेडोनियन कालवा बांधला, तो १७५७ साली इथल्या ग्लेनडिनिंगला एका मेंढपाळाच्या घरी जन्मला. त्याच वर्षी बाप गेला. आईने शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या आधाराने पोराला वाढवलं. पोरगा लँगमला गवंड्याच्या हाताखाली लागला आणि बापाच्या थडग्याचा दगड त्याने पुढे स्वतः घडवला. तेहतीस वर्षं निष्कलंक मेंढपाळ म्हणून जगला, असं त्यावर कोरलंय. तो दगड चर्चच्या जुन्या दफनभूमीत आहे. याच दफनभूमीत वेस्टरहॉलच्या जॉनस्टन घराण्याचं घुमटाचं समाधिघर आहे, १७९० सालचं, रॉबर्ट अ‍ॅडम या नामांकित वास्तुविशारदाने आखलेलं. एका हातावर जमीनदाराचा घुमट आणि दुसऱ्या हातावर मेंढपाळाची शिळा. मी शिळेपाशीच जास्त वेळ उभी होते.

माल्कमचं घर बर्नफूटला, बेंटपाथ आणि लँगमच्या मधे. खाजगी घर आहे, रस्त्यावरून बघायचं आणि पुढे जायचं. बाप जॉर्ज माल्कम मेंढ्या पाळणारा शेतकरी. धंद्यात पैसे घातले आणि बुडाला. घरात एवढी पोरं. मग आईच्या माहेरची पास्ली मंडळी आणि वेस्टरहॉलचे जॉनस्टन यांच्या ओळखीपाळखीने एकेकाची सोय लागत गेली, कुणी आरमारात, कुणी कंपनीत. जॉनला लंडनला कंपनीच्या संचालकांपुढे उभं केलं तेव्हा एकाने विचारलं म्हणे, की बाळा, हैदर अली समोर आला तर काय करशील? पोरगं म्हणालं, तलवार काढीन आणि मुंडकं उडवीन. नोकरी पक्की. १७८३ मध्ये स्वारी मद्रासला उतरली.

मला मात्र त्याच्या शाळामास्तरांचा किस्सा जास्त आवडतो. आर्चिबाल्ड ग्रॅहॅम हे त्यांचं नाव. शाळेत काहीही खोडी झाली की मास्तरांचं ठरलेलं वाक्य असायचं, याच्या मुळाशी जॉकच असणार. जॉक म्हणजे जॉन. तीसेक वर्षांनी माल्कमने इराणचा जाडजूड इतिहास लिहिला आणि त्याची प्रत मास्तरांना पाठवताना वर तेच वाक्य लिहून दिलं.

आता वाचनालय. माझ्या दृष्टीने बेंटपाथला जायचं खरं कारण हे.

ग्लेनडिनिंगच्या डोंगरात अँटिमनी सापडलं होतं. शिशात मिसळून छापखान्याचे खिळे करायला ते लागतं. जॉनस्टन मंडळींनी खाण काढली, कामगारांसाठी जेम्सटाउन नावाची वस्ती वसवली. १७९३ मध्ये त्या खाणकामगारांनी आपसात मिळून पुस्तकं जमवायला सुरुवात केली. खाण थोड्याच वर्षांत बंद पडली. वाचनालय टिकलं. १८३४ मध्ये टेलफर्ड वारला, लंडनला वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेत पुरला गेला. त्याच्या मृत्युपत्रात वेस्टरकर्कच्या वाचनालयासाठी १००० पौंड आणि लँगमच्या वाचनालयासाठी तेवढेच. व्याजातून पुस्तकं घ्यायची. त्या काळात १००० पौंड म्हणजे किती मोठी रक्कम, विचार करा.

टेलफर्डचं चरित्र लिहिणाऱ्या सॅम्युअल स्माइल्सने नोंदवलंय, की इथली पुस्तकं महिन्यातून एकदा बदलून मिळत, पौर्णिमेच्या दिवशी. त्या दिवशी शेतकरी, मेंढपाळ, नांगरे, मजूर आणि त्यांची पोरं लांबलांबून येत आणि महिन्याभराची पुस्तकं घेऊन जात. डोंगरातून रात्री घरी परतायचं म्हणजे चांदणं हवंच.

शेवटी लँगमच्या व्हिटा डोंगरावर चढलो. ३५५ मीटरचा डोंगर, माथ्यावर माल्कमच्या नावाचा शंभर फुटी दगडी स्तंभ, १८३५ साली उभारलेला. खोऱ्यात कुठूनही दिसतो. वारा असा की टोपी दोन्ही हातांनी धरावी लागते. स्तंभ उंच आहे, बाकी त्यात बघण्यासारखं विशेष नाही.

फोटो उद्या टाकते. प्रश्न असतील तर विचारा.

मोदकप्रेमी

झकास! पौर्णिमेचं वाचून अंगावर काटा आला. फोटोंची वाट बघतोय. शाकाहारी माणसाचं तिकडे काय होतं तेही लिहा, आमच्या घरात हा पहिला प्रश्न असतो.

वाईकर

लेख चांगला आहे ताई, पण मला एक कळत नाही. ज्या माणसाने डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूरला होळकरांचा मोड केला, ज्याच्यापुढे पुढच्या जूनमध्ये दुसऱ्या बाजीरावाने हत्यार ठेवलं, त्याचं गाव बघायला आपण सुट्टी टाकून जायचं? माल्कम पेठसुद्धा त्याला काय आभाळातून पडली नाही. महाबळेश्वर साताऱ्याच्या छत्रपतींचं. प्रतापसिंह महाराजांकडून १८२९ मध्ये करार करून घेतलं, बदल्यात आमच्या वाईकडचं खंडाळा दिलं. दहा वर्षांनी त्याच महाराजांना याच सरकारने गादीवरून काढलं आणि काशीला पाठवलं. तिथेच ते गेले. आणि आपण स्तंभाचे फोटो काढतोय.

रानजाई

वाईकर, स्तंभाबद्दल मी काय लिहिलंय ते पुन्हा वाचा, फार कौतुक केलेलं नाही. तुम्ही सांगितलेलं सगळं मला माहीत आहे, मेढ्याची नात आहे मी. पण ज्याने आपलं राज्य घेतलं तो कोणत्या घरातून, कोणत्या गरजेतून आला हे बघायला मला लाज वाटत नाही. उलट तिथे उभं राहिल्यावर ते सगळं फार लहान आणि फार घरगुती दिसतं. बाप कर्जात, पोरं सतरा, मामाची ओळख, हिंदुस्थानात नोकरी. साम्राज्य म्हणजे लंडनच्या दरबारात शिजलेलं काहीतरी, असं डोक्यात असतं. इथे ते पोरांना कामाला लावण्याची सोय म्हणून दिसतं.

मोदकप्रेमी, सूप-ब्रेड आणि चीज टोस्टी सगळीकडे मिळते. सेलकर्क बॅनक नावाचा मनुका घातलेला गोडसर पाव या भागात मिळतो, लोणी लावून खा.

इतिहासाचा_किडा

वाईकर म्हणतात ते खरं आहे, त्यात थोडी भर.

बाजीराव असीरगडाजवळ माल्कमच्या स्वाधीन झाला, ३ जून १८१८. माल्कमने त्याला वर्षाला आठ लाख रुपये पेन्शन कबूल केली. हे त्याने आपल्या अधिकारात, वरची वाट न बघता केलं. कलकत्त्याला गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जला ही रक्कम फार वाटली, पण दिलेला शब्द मोडता येईना. कंपनीच्या हिशेबाने माल्कमने महाग सौदा केला. बाजीराव बिठूरला ती पेन्शन १८५१ पर्यंत घेत राहिला, इतका जगेल असं कुणालाच वाटलं नव्हतं. तो गेल्यावर डलहौसीने ती नानासाहेबांना नाकारली, पुढचं सगळ्यांना पाठ आहे.

माल्कमबद्दल माझं मत असं, की एतद्देशीय संस्थानं एकदम गिळू नयेत म्हणणाऱ्यांतला तो होता. एल्फिन्स्टन आणि मन्रोच्या पंक्तीतला. म्हणून तो आपला मित्र होता असं नाही, पण डलहौसी आणि माल्कम एका पिशवीत घालू नयेत.

आणि घराणेशाहीचं म्हणाल तर, जॉन मुंबईचा गव्हर्नर होता तेव्हा त्याचा धाकटा भाऊ चार्ल्स कंपनीच्या मुंबईच्या आरमाराचा प्रमुख होता. आणखी एक भाऊ पल्टनी ब्रिटिश नौदलात अ‍ॅडमिरल. नेपोलियन सेंट हेलेनाला कैदेत असताना त्या ठाण्यावरच्या आरमाराचा तो प्रमुख होता, आणि नेपोलियनशी त्याचं बरं जमायचं. जेम्स धरून चार भाऊ सर झाले.

रानजाई

पल्टनीचा पुतळा लँगमच्या वाचनालयाच्या आवारात आहे. आणि हे नाव आलं कुठून? वेस्टरहॉलच्या जॉनस्टनांपैकी विल्यमने पल्टनी घराण्यातल्या गडगंज वारसदार मुलीशी लग्न केलं आणि आडनावच बदललं. या विल्यम पल्टनीनेच पुढे टेलफर्डला मोठी कामं मिळवून दिली. खोरं इतकं छोटं आहे की कोणताही धागा ओढला तरी त्याच दोन-तीन घरांत जाऊन पोचतो. टेलफर्ड गवंडीकाम शिकत होता तेव्हा लँगमच्या एका पास्ली बाईंनी त्याला पुस्तकं वाचायला दिली होती, त्यात मिल्टन होता. माल्कमची आई पास्लीच.

इतिहासाचा_किडा

जॉनस्टनांचा विषय निघालाच आहे तर घुमटामागचं पण सांगतो. भावांपैकी जॉन जॉनस्टन बंगालमध्ये कंपनीच्या नोकरीत होता, प्लासीनंतरच्या लुटीच्या काळात गबर होऊन परतला. येताना बंगालमधली एक गुलाम मुलगी बरोबर आणली, कागदोपत्री नाव बेल ऊर्फ बेलिंडा. १७७१ मध्ये तिच्यावर स्वतःचं नवजात मूल मारल्याचा आरोप आला, पर्थच्या कोर्टात खटला उभा राहिला. शिक्षा म्हणून तिला अमेरिकेत व्हर्जिनियाला पाठवून विकलं. ब्रिटनच्या कोर्टाने गुलाम ठरवलेल्या शेवटच्या माणसांत तिचं नाव घेतात. तिचं खरं नाव कुणीच लिहून ठेवलं नाही. हे वेस्टरकर्कमध्ये घडलं नाही, तेव्हा जॉनस्टन फाइफमध्ये राहत होता. पण घराणं तेच, पैसाही तोच.

कॅरिबियनमधल्या ग्रेनाडात त्यांचे उसाचे मळे होते. वेस्टरहॉल नावाची रम आजही मिळते, नाव या खोऱ्यावरून.

वाईकर

ही माहिती मूळ लेखात हवी होती. घुमट रॉबर्ट अ‍ॅडमचा, एवढंच लिहून कसं चालेल?

रानजाई

धाग्यात आली ना, म्हणूनच तर धागा काढते, ब्लॉग लिहीत नाही :)

चिंगी_अलिबाग

एस्कडेल हे नाव वाचून उडालेच. बेंटपाथहून तसंच वर गेलं की एस्कडेलम्यूर येतं ना? तिथे भूचुंबकीय वेधशाळा आहे. आमच्या अलिबागची सख्खी बहीण म्हणा.

गोष्ट अशी. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापं एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून चालू होती. मुंबईत विजेच्या ट्राम येणार ठरलं. विजेचा प्रवाह रुळांतून आणि जमिनीतून वाहतो आणि नाजूक चुंबकसूची थरथरायला लागते. म्हणून १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा सुरू झाली, आणि जुन्या नोंदींशी नव्यांचा मेळ बसावा म्हणून कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे काही काळ बरोबरीने मोजमापं घेतली. लंडनजवळच्या क्यू वेधशाळेचं त्याच सुमाराला नेमकं तेच दुखणं, तिथेही ट्राम. त्यांनी शोध शोध शोधून निवडलं एस्कडेलम्यूर, कारण तिथे ना ट्राम ना वस्ती. १९०८ मध्ये ती सुरू झाली. दोन्ही अजून चालू आहेत.

आमची वेधशाळा किनाऱ्याजवळ झाडीत आहे. इमारतीत लोखंड वापरलेलं नाही, हे शाळेच्या सहलीत आम्हाला दर वर्षी नव्याने सांगायचे.

रानजाई

चिंगी, हे भन्नाट आहे! आम्ही एस्कडेलम्यूरला गेलो होतो ते साम्ये लिंगसाठी. तिबेटी बौद्ध मठ, १९६७ पासून तिथे आहे, पाश्चात्त्य जगातला या पद्धतीचा पहिला. उघड्याबोडक्या डोंगरांत एकदम सोनेरी छत आणि पताका दिसतात. मठ सुरू झाला त्या जुन्या बंगल्याचं नाव काय असावं? जॉनस्टन हाउस. मी म्हटलं ना, धागा ओढा.

पूलवाला

सिव्हिलवाल्यांतर्फे हजेरी. टेलफर्डबद्दल एकच परिच्छेद? निषेध!

हायलँड्समध्ये त्याच्या देखरेखीखाली नऊशे मैलांहून जास्त रस्ते आणि हजारावर लहानमोठे पूल झाले. वेल्समधला पोंटकसिल्टे जलसेतू, १८०५, ओतीव लोखंडाच्या पन्हाळीतून कालवा दरीवरून १२६ फूट उंचीवर नेलाय, अजून त्यावरून नावा चालतात. मेनायचा पूल १८२६, मधला गाळा ५७९ फुटी, त्या काळी जगात सर्वांत लांब. ब्रिटनमधल्या सिव्हिल इंजिनिअर्सच्या संस्थेचा पहिला अध्यक्ष तोच. शिक्षण गावशाळेचं आणि पुढे छिन्नी-हातोडा.

त्याच्या रस्त्यांचं तंत्र सांगतो, कारण हे कुणी सांगत नाही. खाली हाताने रचलेले मोठे दगड, रुंद बाजू खाली, टोक वर. फटींत चिपा ठोकायच्या. त्यावर फोडलेल्या खडीचे थर. पाणी बाहेर काढायला कडेला गटारं आणि मधोमध थोडा उंचवटा. पाया मजबूत, खर्च जास्त. मॅकअ‍ॅडमने पुढे तो दगडी पायाच काढून टाकला, खाली कोरडी माती असेल तर नुसती खडी पुरते म्हणाला, स्वस्त पडलं, आणि जगात मॅकअ‍ॅडमचं नाव झालं. गंमत म्हणजे तोही दक्षिण स्कॉटलंडचाच, एअरचा.

आणि आता आपल्याकडची कडी. मुंबई-पुणे प्रवासात बोरघाट चढताना कुणाच्या डोक्यात येत नसेल, पण घाटातला पहिला खरा गाडीरस्ता नोव्हेंबर १८३० मध्ये खुला झाला तो माल्कमच्याच हस्ते. त्याआधी वेलस्लीने तोफा नेण्यापुरती वाट केली होती. बाकी सगळी वाहतूक बैलांच्या पाठीवर. कोकण आणि देश यांच्यातली भिंत पाडली, अशा अर्थाचं माल्कमने त्याबद्दल लिहिलंय. म्हणजे वेस्टरकर्कच्या एकाच गावशाळेत बारा वर्षांच्या अंतराने शिकलेली दोन पोरं, एकाने हायलँड्स उघडले, दुसऱ्याने आपला घाट उघडला.

वाईकर

उघडला तो कापूस खाली न्यायला आणि पलटणी वर चढवायला. पण माहिती उत्तम, बोरघाटाचं माहीत नव्हतं.

पूलवाला

रस्ता कशासाठी केला आणि कोण वापरतो या दोन गोष्टी निराळ्या, वाईकर. हायलँड्सच्या रस्त्यांनीसुद्धा सरकारला वाटलं होतं की कामं मिळतील, लोक देशांतर करणार नाहीत. त्याच रस्त्यांनी लोक बंदरावर गेले आणि मेंढ्या आत आल्या.

शेवंती

मी गेली वीस वर्षं गावातल्या वाचनालयाची कार्यवाह आहे, म्हणून वाचनालयाच्या भागावर थांबले. आपल्याकडे रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं. म्हणजे माल्कम गव्हर्नर असतानाचं! पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ चं. ही सुरुवातीची वाचनालयं साहेब, सरदार आणि शिकलेल्या मंडळींच्या पुढाकाराने उभी राहिली. खाणीत काम करणाऱ्यांनी स्वतः वर्गणी काढून वाचनालय सुरू करणं आणि तेही १७९३ मध्ये, हे मला फार वेगळं वाटतं. स्कॉटलंडमध्ये मजूर वाचत होते तरी कसे?

नेत्रा_ग्लासगो

शेवंतीताई, याचं एक मोठं कारण पॅरिशच्या शाळा. १६९६ च्या कायद्याने प्रत्येक पॅरिशमध्ये शाळा आणि मास्तर ठेवणं तिथल्या जमीनदारांवर बंधनकारक झालं. मूळ हेतू धार्मिक, प्रत्येकाला बायबल वाचता यावं. सगळीकडे सारखं झालं नाही, हायलँड्समध्ये तर बरंच कमी. पण दक्षिणेकडच्या सखल भागात मेंढपाळाचं पोरगं वाचायला शिकलेलं असणं यात नवल राहिलं नाही. खाणकामगारांच्या वाचनालयांची इथे परंपराच आहे. लेडहिल्स नावाचं शिशाच्या खाणींचं गाव याच डोंगररांगांत, पण मोटरवेच्या पलीकडे आहे. तिथलं वाचनालय १७४१ चं. शेजारच्या वॉनलॉकहेडचं १७५६ चं. लेडहिल्सला नवीन सभासद घ्यायचा की नाही ते सभासद मतदानाने ठरवत. पुस्तक मळवलं किंवा उशिरा आणलं तर दंड.

शेवंती

दंडाचा नियम तिकडून इकडे यायला हरकत नाही. आमच्याकडे पानात बोट ओलं करून उलटणाऱ्यांची यादी माझ्याकडे आहे.

वेस्टरकर्कचं आतून बघता येतं का?

रानजाई

चालू आहे, पण रोज उघडं नसतं. जायच्या आधी चौकशी करून वेळ ठरवा. बाहेर टेलफर्डच्या स्मरणार्थ दगडी बैठक आहे, त्यावर त्याचा कांस्यचेहरा. आम्ही तिथे बसूनच डबा खाल्ला.

डोंगरवेडा

व्हिटाच्या पलीकडची टॅरस खोऱ्याची जमीन गावाने विकत घेतल्याचं वाचलं होतं, ती हीच का? जमीन कुणाची होती?

नेत्रा_ग्लासगो

हीच. जमीन ड्यूक ऑफ बक्लूच्या इस्टेटची. ग्राउस पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखलेलं माळरान. लँगमच्या लोकांनी वर्गणी, अनुदानं सगळं जमवून २०२१ मध्ये पहिले ५२०० एकर ३८ लाख पौंडांना घेतले, पुढच्या वर्षी आणखी ५३०० एकर. आता ते टॅरस व्हॅली निसर्ग राखीव क्षेत्र आहे. हेन हॅरियर हा शिकारी पक्षी तिथे घरटी करतो. स्कॉटलंडच्या दक्षिण भागातली लोकांनी मिळून केलेली ही सगळ्यात मोठी जमीनखरेदी. दीड हजार घरांचंही गाव नसेल, त्यांनी ड्यूककडून डोंगर घेतला. इथे राहून मला याचं जास्त अप्रूप वाटतं, कारण या देशात जमिनीचे मालक किती थोडे आहेत ते रोज दिसतं.

चालायला मात्र कुणाचीच परवानगी लागत नाही. २००३ च्या कायद्याने जबाबदारीने वागणाऱ्याला जवळपास सगळीकडे फिरायचा हक्क आहे. फाटक जसं असेल तसं ठेवायचं, एप्रिल-मेमध्ये कोकरं असतात तेव्हा कुत्रा दोरीला बांधायचा. पँट मोज्यात खोचा, गवतात गोचिड्या असतात.

मोदकप्रेमी

गोचिड्या ऐकून बायकोने नकार दिलाय. मी एकटा जाऊ शकतो. गाडी चालवत नाही, बसने जमेल का?

रानजाई

लँगमपर्यंत आरामात. कार्लाइल ते एडिंबरा जाणारी एक्स ९५ बस लँगमवरूनच जाते, कार्लाइलला रेल्वे आहे. लँगमला पूर्वी स्टेशन होतं, ते १९६४ मध्ये बंद झालं. बेंटपाथसाठी मात्र टॅक्सी सांगा किंवा सायकल घ्या. रस्ता नदीकडेने आहे, चढ फार नाहीत.

वाईकर

माझे वडील पंचाहत्तरचे आहेत, मुलीकडे न्यूकॅसलला जाणार आहेत. हा धागा त्यांना वाचून दाखवला तर म्हणतात मला तो स्तंभ बघायचाच आहे. काय करणार. व्हिटा त्यांना झेपेल का?

रानजाई

वाईकर, काकांना माझा नमस्कार सांगा. लँगमकडून सरळ चढ खडा आहे, तिकडून नका नेऊ. लँगमहून न्यूकॅसलटनला जाणारा डोंगरी रस्ता आहे, त्यावर ह्यू मॅकडायरमिड या कवीचं स्मारक लागतं, मोठ्या उघड्या पुस्तकासारखं धातूचं शिल्प. तो मूळचा लँगमचा. तिथे गाडी लावून माथ्यापर्यंत वाट जाते, चढ बराच कमी. तरी वाऱ्याचा अंदाज बघूनच जा.

आणि जुलैचा शेवटचा शुक्रवार टाळा किंवा मुद्दाम साधा. त्या दिवशी लँगमचा कॉमन रायडिंग असतो. गावच्या सामाईक जमिनीच्या हद्दी घोड्यांवरून फिरून तपासायची जुनी रीत. मिरवणुकीत लाकडी ताटलीवर जवाची भाकरी आणि खारवलेला मासा खिळ्याने ठोकून मिरवतात. शेकडो घोडे गल्लीतून व्हिटावर दौडत जातात. काकांना आवडेल, पण राहायची जागा लँगममध्ये आयत्या वेळी मिळायची नाही. हॉइक किंवा कार्लाइलला राहा आणि सकाळी लवकर या, मिरवणूक भल्या पहाटेच सुरू होते.